ताकदीच्या गोळ्या

मी बसमध्ये कंडक्टर आहे. तोंड चालवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे कुणी म्हणालं की बाई, तुमचा आवाज फार मोठा, तर मला त्याचं काही वाटत नाही. हळू बोलणाऱ्या कंडक्टरला सुट्टे पैसे कोण देतंय? पण एक शब्द असा होता, की तो मी कित्येक वर्षं मोठ्याने तर सोडाच, पुटपुटलेसुद्धा नव्हते. एचआयव्ही. माझ्या भाच्याला तो जन्मापासून आहे. आज खुशाल सांगते आहे, कारण त्यानेच सांगितलंय, "आत्या, आता बोल. पोटात ठेवून तुझंच पोट दुखतं."

भाचा म्हणजे माझ्या पाठच्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, मागोमाग वहिनी गेली, दोघंही त्याच आजाराने. लोक काय म्हणतील या धास्तीने त्यांनी ना धड कुणाला सांगितलं, ना धड औषध घेतलं. पोरगं माझ्या पदरात आलं तेव्हा इतकं किरकोळ होतं, की शर्ट घातला तर शर्टच चालत आल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून त्याचं नाव बारक्या. आता तो दारातून वाकून आत येतो, तरी बारक्याच. शेजारीपाजारी म्हणाले, "एकटी बाई, पाळीची नोकरी, हे लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतेस?" मी म्हटलं, "गळा माझा, तुम्हाला का ठसका लागतोय?"

दवाखान्यात लहान मुलांच्या खोलीत एक सिस्टर होत्या. भिंतीवर हत्ती रंगवलेला, आणि त्याच्या पोटाशी त्यांचं टेबल. गोळी केळ्यात कुस्करून कशी द्यायची, ओकली तर किती वेळाने पुन्हा द्यायची, ताप आला तर घाबरायचं कधी आणि नाही कधी, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. मी डेपोतून तशीच खाकी कपड्यांत धावत जायची, तर आधी मला पाणी द्यायच्या आणि मग पोराला तपासायच्या. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. ते फिटायचे नाहीत, आणि खरं सांगू, मला ते फेडायचेही नाहीत. असू देत अंगावर.

बारक्या विचारायचा, "आत्या, ही कसली गोळी?" मी सांगायची, "ताकदीची." कळत्या वयाचा झाल्यावर सिस्टरनीच त्याला समोर बसवून सगळं नीट समजावलं. गोळी रोज घेतली की विषाणू झोपून राहतो, इतका की रक्तात शोधून सापडत नाही. मग माणूस चारचौघांसारखा जगतो, काम करतो, म्हातारा होतो. बारक्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताना मला एकच विचारलं, "मग आईबाबांना कुणी ताकदीची गोळी नाही का दिली?" मी, जी अख्ख्या बसला गप्प करते, ती घर येईपर्यंत गप्प होते. गोळीचं नाव मात्र आमच्या घरात तेच राहिलं.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. औषध मिळायच्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या नळाजवळ बाजार भरल्यासारखी गर्दी असते. जो तो बाटलीवरचं लेबल भिजवून नखाने खरवडत असतो. खोकी फाडून कचऱ्याच्या डब्यात, आणि गोळ्या दुसऱ्याच कसल्यातरी डबीत. कुणाची खोकल्याच्या गोळ्यांची, कुणाची चॉकलेटची. एक काका तर दाढीच्या साबणाच्या डबीत घेऊन जायचे. वरून कापसाचा बोळा. तो कशाला? तर पिशवीत बाटली खुळखुळली, की बसमध्ये चार माना वळतात आणि आपला जीव टांगणीला लागतो. कुणी शिकवलेलं नाही हे, एकाचं बघून दुसरा करतो. बारक्याने स्वतःसाठी लाल झाकणाची टॉनिकची डबी निवडली होती. तिच्यावर दंड फुगवलेल्या पैलवानाचं चित्र. म्हणाला, "आत्या, ताकदीचीच आहे ना गोळी? मग?" आम्ही दोघं नळापाशी पोट धरून हसलो होतो.

बारक्याला अठरा पूर्ण झाली आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. दवाखान्यातली हत्तीची खोली सुटली आणि त्याला मोठ्यांच्या खोलीत पाठवलं. आणि वेल्डिंगच्या शाळेत त्याचा नंबर लागला. शाळा दुसऱ्या गावात, राहायचं तिथल्याच वसतिगृहात. मी डेपोत सगळ्यांना चहा पाजला. आमचे ड्रायव्हरदादा, ज्यांच्या मागे उभं राहून माझी निम्मी नोकरी गेली, त्यांनी बारक्याला हातातलं घड्याळ काढून दिलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी दर खेपेला दवाखान्यासाठी रजा टाकायची ती दाताच्या नावाखाली. ते म्हणायचे, "बाई, तुम्हाला दात आहेत तरी किती?"

वसतिगृहात बारक्याची गोळी त्याची त्यालाच घ्यायची होती. तोवर रोज मी हातावर ठेवायची आणि तो गिळायचा. मी संध्याकाळी फोन करायची, "जेवलास?" तो म्हणायचा, "जेवलो." काय विचारलं आणि काय सांगितलं, ते आम्हाला दोघांना कळायचं. पहिल्या वेळी रक्ताचा रिपोर्ट छान आला. दुसऱ्या वेळी मात्र विषाणू सापडले, आणि थोडेथोडके नाहीत.

मोठ्यांच्या खोलीतले डॉक्टर तसे भले, पण बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "गोळ्या घेत नाहीयेस. का?" बारक्या जमिनीकडे बघत उभा. "का, ते सांग." पोरगं हातातलं घड्याळ फिरवत राहिलं. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, की असंच चाललं तर हे औषध लागू पडेनासं होईल, पुढची औषधं मोजकी आहेत, आणि मग आईवडिलांच्याच वाटेने जायची पाळी येईल. "लहान नाहीस आता. स्वतःच्या जिवाशी खेळतोयस." बाहेर आल्यावर, डॉक्टर जिथे थांबले तिथून मी सुरू केलं. याचसाठी का तुला वाढवला, माझ्या कष्टांची हीच किंमत का, तोंडाला येईल ते बोलले. बारक्या इतकंच म्हणाला, "आत्या, माझी बस चुकेल," आणि निघून गेला. पुढच्या तारखेला तो दवाखान्यात आलाच नाही. फोनवर मात्र रोज "जेवलो." मला तो आवाज ऐकून रडू यायचं, कारण खोटं बोलताना त्याचा आवाज बापासारखा होतो.

अशात एक दिवस बडबड्या माझ्या बसमध्ये चढला.

बडबड्या म्हणजे दवाखान्यातला पोरगा. तरणी मुलं तारखा चुकवायला लागली, की त्यांच्या मागे लागायचं काम त्याचं. तो स्वतः जन्मापासून याच गोळ्यांवर आहे. शनिवारी दुपारी दोन टेबलं जोडायची, मधे फायली उभ्या करून जाळी करायची, आणि त्या पोरापोरींबरोबर टेबल टेनिस खेळायचं, हे त्याचं काम बघून मला वाटायचं, याला पगार कसला देतात? त्यात भडक शर्ट, आणि केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरावी. मला तो मुळीच आवडत नव्हता.

तो मुद्दाम माझ्या जवळच्या सीटवर बसला आणि तिकीट घेत म्हणाला, "आत्या, आपली ती गाडी सर्व्हिसिंगला आली नाही."

"कसली गाडी?"

"ती हो. लाल झाकणाची. तारीख उलटून गेली. इंजिन आतून गरम होत असणार."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "गाडी ऐकत नाही. चार शिव्या घालून झाल्या."

"शिव्या घालून कुठली गाडी सुरू झालीय, आत्या? परवानगी द्या, मी जाऊन बघतो. गाडीलाही विचारलंय मी फोनवर, ती ये म्हणाली."

मागच्या सीटवरचे आजोबा पुढे वाकले. "कुठलं गॅरेज रे तुझं? माझी स्कूटर पण सुरू होत नाही सकाळी." बडबड्याने त्यांना शांतपणे प्लग साफ करायला सांगितलं, आणि मला इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसू फुटलं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तेव्हा तो सरळ बोलला. "आत्या, मी तुमच्या बारक्यापेक्षा लहान असताना गोळ्या पाण्याच्या टाकीमागे फेकत होतो. सगळे मला विचारायचे, का? का म्हणजे काय सांगणार? मला तरी कुठे माहीत होतं? वैतागलो होतो, बस. मग खाटेवर पडलो, नाकात नळी. तेव्हा एका ताईने विचारलं, रोज गोळी घ्यायची म्हणजे कसं करतोस रे? कुठे बसतोस, त्या वेळी घरात कोण असतं, पाणी कोण देतं? असं कुणी विचारलंच नव्हतं. मी जो बोलायला लागलो, तो अजून थांबलेलो नाही."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं. पण मनातल्या मनात त्याला हात जोडले.

मी दातांची रजा टाकली आणि आम्ही दोघं वसतिगृहावर गेलो. बारक्याची खोली जिन्याच्या टोकाला होती. तीन लोखंडी खाटा, एकीचा मोडका पाय पोरांनी स्वतःच वेल्डिंग करून बसवलेला. खिळ्याला ठिणग्यांनी भोकं पडलेले शर्ट, खिडकीत कातडी हातमोजे वाळत घातलेले, आणि मोज्यांचा असा वास की डोळ्यांत पाणी यावं. बारक्या खाटेवर बसला होता. वाळला होता पोरगा. मला बघून उठला, पण जवळ आला नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बडबड्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी ते गिळलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्या खोलीचं दार नीट लागत नाही. मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी काही कानात बोटं घालायला आले नव्हते.

बडबड्याने ओरडा केला नाही, की उपदेश केला नाही. त्याने विचारलं, "डबी कुठे ठेवतोस?"

"फळीवर."

"उघड्यावर?"

"इथे कुलूप नसतं. काहीच कुणाचं एकट्याचं नसतं. साबण एक, तेल एक, घरून डबा आला की तिघांचा."

"मग तू गोळी घेतोस तेव्हा बाकीचे दोघं काय करत असतात?"

खाट करकरली. मग बारक्या म्हणाला, "तेही घेतात."

"काय घेतात?"

"गोळी." आणि त्याचा बांध फुटला. "दादा, ते पण खातात माझ्या गोळ्या!"

मी दारातून आत कधी आले, मला कळलंच नाही.

झालं होतं ते असं. बारक्याबरोबर दोघं राहतात. एक जाड्या, चांगला दणकट, वजनं उचलायचा नाद असलेला. दुसरा हिरो, आरशापुढून न हलणारा. पावसाळ्यात अख्खं वसतिगृह तापाने फणफणलं, एकटा बारक्या ठणठणीत. दर वेळी तपासणी, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. लहानपणापासून निगा राखलेलं अंग ते. दोघांनी डोकं लढवलं. हा कधी आजारी का पडत नाही? फळीवर लाल झाकणाची डबी, वर पैलवान. विचारलं, कसल्या गोळ्या रे? आणि बारक्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ताकदीच्या." मग काय, व्यायाम झाला की रोज एक जाड्याला, एक हिरोला.

"अरे, मग नाही म्हणायचं होतंस!" मी ओरडले.

"कसं म्हणू, आत्या? जाड्याच्या आईने पाठवलेलं मी अर्ध्याहून जास्त खाल्लंय. हिरोने स्वतःचं स्वेटर दिलंय मला. एका गोळीसाठी नाही म्हणालो असतो तर पहिला प्रश्न हाच आला असता, की असं काय आहे त्या डबीत?"

बडबड्या म्हणाला, "शहाण्या, मग डबीत खरं टॉनिक भरून ठेवायचं आणि आपल्या गोळ्या दुसरीकडे."

"तेही केलं. जाड्या म्हणाला, या डुप्लिकेट आहेत, दुकानदाराने फसवलं तुला. आधीच्यांनी कसे दंड भरले होते!"

बडबड्याने तोंडावर उशी दाबली, पण त्याचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरेना, आणि त्याच हसण्यात मी रडायला लागले. तीन महिन्यांच्या गोळ्या तिघांत संपत आल्या होत्या. जास्त मागायला दवाखान्यात जावं तर हिशेब द्यावा लागणार. म्हणून माझं पोरगं एक दिवस घ्यायचं, एक दिवस राहायचं, मग दोन दिवस राहायचं. डॉक्टर म्हणाले जिवाशी खेळतोयस. मी म्हणाले कष्टांची किंमत नाही. आणि तो दोघांचं ऐकून घेऊन परत त्याच खोलीत आला होता.

बडबड्याने डॉक्टरांना फोन लावला. ते गंभीरपणे बोलले. त्या दोघांनी आता एकही गोळी घेऊ नये, आणि लगेच रक्त तपासायला यावं. बहुतेक काही होणार नाही, पण यकृताचा एक आजार कुणाला आधीपासून असेल तर ही औषधं मधेच सोडल्याने तो उसळतो, म्हणून बघायलाच हवं. बारक्यालाही आजच औषध मिळेल, आणि औषध अजून लागू पडतंय का तेही तपासू.

"म्हणजे त्यांना सांगावं लागणार," बारक्या म्हणाला.

"काय खाल्लं ते कळायचा त्यांना हक्क आहे," बडबड्या म्हणाला. "पण तुझ्याबद्दल काय सांगायचं ते तुझं तू ठरव. दवाखाना बोलणार नाही, मी बोलणार नाही. हवं तर त्यांना वेगळं नेऊ. उद्या ठरवलंस तरी चालेल."

शाळेत कळलं तर? पोरांनी खाट बाहेर फेकली तर? भावाला शेवटी शेजाऱ्यांनी पाण्याचा पेला वेगळा दिला होता, ते मी या डोळ्यांनी बघितलं होतं. मी म्हटलं, "सांग, गुरांच्या डॉक्टरकडच्या गोळ्या होत्या. चुकून आल्या. दोघं तसेच पळत सुटतील तपासायला."

"आत्या, पुरे." पोरगं माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "रोज संध्याकाळी मी त्या डबीकडे बघतो आणि ठरवतो, आज मी जगू की उद्या. मला नाही होत आता. घालवायचं तर घालवू दे त्यांना मला. मी दुसरी खोली बघेन. गोळी मात्र उघड्यावर खाईन."

मी खाटेची कड धरून बसले. वाटलं, हा एवढा मोठा कधी झाला?

शाळेच्या कारखान्यातून दोघं परत आले, कपाळावर काजळी, हातात जेवणाचे डबे. मला बघून जाड्याने पटकन खाटेखालचे मोजे पायाने आत ढकलले. "आत्या, तुम्ही? बसा ना, बसा." बारक्याने त्यांना समोर बसवलं आणि एका दमात सांगितलं. मला जन्मापासून एचआयव्ही आहे, आईवडील त्यानेच गेले, डबीतल्या गोळ्या त्याच्या आहेत. तुम्ही त्याच खात होतात.

हिरो ताडकन उठला आणि खोलीबाहेर पळाला. गेला, गावभर करायला गेला, असंच वाटलं. जाड्या बसला होता तसाच बसून राहिला. बडबड्या शांतपणे सांगत होता, की एकत्र जेवून, एका खोलीत राहून हे होत नाही, आणि गोळी खाऊन तर मुळीच होत नाही. जाड्या ऐकत होता की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने हिरो परत आला, तोंड धुतलेलं, डोळे लाल. म्हणाला, "ओकून आलो. निघाल्या असतील ना?"

"इतक्या दिवसांत खाल्लेल्या आता कुठून निघणार, गाढवा?" बडबड्या म्हणाला, "रक्त तपासू, ठीक असेल सगळं. बस खाली."

हिरो बसला. बसला तो बारक्याच्याच खाटेवर, हे मी बघून ठेवलं.

आणि मग जाड्या बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता काय शिवी येते म्हणून. शिवी आलीच. "हरामखोरा," तो बारक्याला म्हणाला, "गेले काही दिवस तू आमच्यासोबत खात नव्हतास. मी विचारलं, तर म्हणालास, भूक नाही गोळीची. मला वाटलं, हा आमच्यासाठी ठेवतोय. आणि मी खात होतो रे. तुझं औषध मी खात होतो." एवढा मोठा गडी, दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. "तू मेला असतास तर? दंड भरायला मी तुझं औषध खाल्लं असतं आणि तू मेला असतास तर मी काय केलं असतं?"

मी किती वर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होते, की कुणाला कळेल आणि तो अंग चोरेल. माझ्या सगळ्या तयाऱ्या त्यासाठी होत्या. माझ्या पोराचं औषध गेलं म्हणून कुणी परकं पोर असं रडेल, ही तयारी मी कधी केलीच नव्हती. मी उठले आणि त्या काजळीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या आईला मी कधी भेटले नाही. पण बाई, जिथे असशील तिथे सुखी राहा.

दोघांचं रक्त स्वच्छ निघालं. जाड्याने दवाखान्याच्या ओसरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग आता दंड कशाने भरायचे?" तर सिस्टर हत्तीच्या खोलीतून ओरडल्या, "जेवणाने!" डॉक्टरांनी बारक्याला खुर्ची दिली, दार लावून घेतलं, आणि रांग ताटकळली तरी त्याला नीट बोलू दिलं. औषध अजून लागू पडत होतं. नशीब म्हणा, वेळेवर पोचलो म्हणा; मी तर बडबड्याचं नाव घेते. आता बारक्या शनिवारी येतो, फायलींच्या जाळीवरून त्याच्याशी खेळतो आणि हरतो. आणि त्या कामाला पगार कसला देतात, हे मी आता विचारत नाही. माझ्या हातात असतं तर दुप्पट दिला असता.

पुढचा रिपोर्ट आणायला बारक्या एकटा गेला. मला येऊ दिलं नाही. "तू ड्यूटी कर," म्हणाला. सकाळची वेळ, बस खचाखच भरलेली. दवाखान्याच्या थांब्यावर तो चढला, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आत्या, एकही सापडला नाही."

तिकिटांचं मशीन छातीशी धरून मी तिथेच इंजिनाच्या झाकणावर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. भावासाठी रडले नव्हते, वहिनीसाठी रडले नव्हते, तेव्हा पोर लहान होतं आणि ड्यूटी होती. ते सगळं आत्ता निघालं. बस थांबलेली, लोक बघतायत. ड्रायव्हरदादा सीटवरून वळले. "बाई, काय झालं? बारक्या, काय झालं रे हिला? वाईट बातमी का?"

"नाही काका, चांगली आहे," बारक्या म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, की बघ बाबा, तुझं तू. तेव्हा तो भर बसमध्ये, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मला लहानपणापासून एचआयव्ही आहे. हिने मला सांभाळलं. मधे बिघडलं होतं. आज रिपोर्ट चांगला आला, म्हणून रडतेय."

पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर मोठी पिशवी घेऊन ऐसपैस बसली होती. तिने पिशवी उचलली आणि खिडकीकडे सरकली. मी ते बघितलं. अंग चोरणारी माणसं मला लांबून ओळखू येतात. मग तिने रिकाम्या झालेल्या जागेवर हाताने थोपटलं. "बस बाळा इथे," ती म्हणाली, "सकाळपासून उपाशी असशील, रक्त देऊन आलास तो."

"आज फक्त रिपोर्ट होता, मावशी," बारक्या म्हणाला, पण बसला. तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. ड्रायव्हरदादांनी हात पँटला पुसला, मागे वळून त्याचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ हलवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, पोरगं बरं आहे. घंटी द्या आता, लोकांना कामावर जायचंय."

मी डोळे पुसले, उठले आणि घंटी दिली.